तिच्या चेहऱ्याची दुसरी बाई

रुग्णालयात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. मोठ्या सर्जनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला ‘वाफवाल्या बाई’ म्हणायचे. शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, मोजायची, कापडात बांधायची, वाफेच्या मोठ्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची आणि वर पाठवायची, हे तिच्या विभागाचं काम. विभाग तळघरात होता. खिडकी नाही, उन्हाचा कवडसा नाही, बारा महिने दमट हवा आणि यंत्राचा सुस्कारा. एवढी वर्षं तिथे काढून तिची एकच सवय पक्की झाली होती. कुणी तिच्याकडे पाहत नसलं की तिला बरं वाटायचं.

मग रुग्णालय विकलं गेलं. एका बड्या कंपनीने ते घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात फर्मान निघालं. नोकरीधंद्याच्या ओळखी जोडणारी जी साइट आहे, तिच्यावर प्रत्येक विभागप्रमुखाने आपलं प्रोफाइल नीट करून ठेवावं. नवे लोक ते पाहणार, आणि मग कोणाला ठेवायचं ते ठरवणार. फर्मानात शेवटचं वाक्य अर्थातच नव्हतं, पण ते सगळ्यांना बरोबर ऐकू आलं. रेकॉर्ड विभागातल्या दोघांना घरी बसवलंही होतं.

तिचं प्रोफाइल होतं, म्हणजे असून नसल्यासारखं. कधीतरी एका प्रशिक्षणात कुणीतरी उघडून दिलेलं. फोटोच्या जागी करड्या रंगाचं गोल डोकं, आणि हुद्द्याच्या जागी नुसतं ‘हॉस्पिटल’, जणू ती बाई नसून इमारत होती.

“आत्या, हे बघून तुला कुणी झाडू मारायलाही ठेवणार नाही,” भाची म्हणाली. ही तिच्या भावाची मुलगी. कुठल्याशा कंपनीत जाहिराती लिहायची, आणि आत्यावर तिचा जीव होता. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठाण मांडून बसली. “हं, सांग. इतकी वर्षं तू काय केलंस?”

“वाफ.”

“असं नाही गं लिहायचं!”

“लिही,” खुर्चीत पेपर वाचणारे तिचे यजमान म्हणाले. आयुष्यभर बस चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि आता संसाराच्या मागच्या सीटवर बसून सूचना द्यायचे. “लिही की हिने घरातसुद्धा सगळ्यांना निर्जंतुक करून सोडलंय.”

भाचीने हसत हसत लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘शून्यातून विभाग उभा केला. भरतीपासून प्रशिक्षणापर्यंत कितीतरी माणसं घडवली. नव्या, होतकरू लोकांना संधी देणं ही माझी आवड.’

“अगं, भरती मी नाही करत. ती ऑफिस करतं. मी फक्त मुलाखतीला बसते.”

“बसतेस ना? मग झालं तर.”

“पण संधी देणं वगैरे…”

“आत्या, जगात सगळे एवढं तरी फुगवतातच. तू खरं बोलत बसलीस तर तुझ्या मागून आलेली पोरं तुझ्या डोक्यावर बसतील.”

तिच्या मनाला ते पटलं नाही, पण रेकॉर्डवाल्या दोघांचे चेहरे डोळ्यांसमोर आले आणि तिने ते तसंच राहू दिलं. मग भाचीने तिला कामावरचा निळा कोट घालायला लावला, खिडकीशी उभं केलं आणि फोटो काढला. फोटो खरोखरच छान आला. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. “ही कोण गं मोठी साहेबीण?” असं म्हणाली खरं, पण मनातून सुखावली. भाचीने फोटोखाली लगेच सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं, ‘माझी आत्या. माझा अभिमान.’ शेजारी भाचीचं नाव, भाचीचा हसरा चेहरा.

पुढचे काही दिवस बरे गेले. तिच्या हाताखाली शिकून परदेशी गेलेल्या मुलींनी फोटोखाली तळघरातल्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. कंपनीकडून आलेल्या मनुष्यबळ अधिकारी बाई कॉरिडॉरमध्ये थांबून चक्क हसल्या. तिला वाटलं, चला, सुटले.

त्यानंतर एका अनोळखी मुलीचा निरोप आला. ‘मॅडम, तुम्ही सांगितलेली नोंदणी फी पाठवली. नेमणुकीचं पत्र कधी मिळेल?’

चुकून आला असेल म्हणून तिने तो पुसला. दुसरा आला. मग रुग्णालयाच्या टेलिफोनवर तिच्या नावाने फोन येऊ लागले. टेलिफोन ऑपरेटर वैतागून तळघरात आली. “बाई, तुम्ही नोकऱ्या वाटताय म्हणे? माझ्या भावालाही घ्या की एखादी.” ती हसली नाही हे पाहून ऑपरेटरचंही हसू मावळलं.

त्या संध्याकाळी ती बसस्टॉपवर उभी होती. समोरच्या फुटपाथवर एक उंच माणूस होता. तो हातातल्या फोनकडे पाहायचा, मग तिच्याकडे पाहायचा, मग पुन्हा फोनकडे. तिने तोंड फिरवलं. बस आली तशी ती चढली. तोही मागच्या दाराने चढला. नेहमीच्या आधीचा थांबा आला आणि ती उतरली. तोही उतरला. ती भरभर चालू लागली, मागे पावलं वाजत राहिली. माणसांनी भरलेला उजेडी रस्ता, पण तिला वाटलं आपण तळघरात आहोत आणि बाहेरून कुणीतरी कडी घातली आहे. इमारतीचा जिना चढताना तिच्या हातून किल्ली पडली. ती उचलायला वाकली तेव्हा त्याचे बूट दोन पायऱ्या खाली दिसले.

“मॅडम, पळू नका,” तो म्हणाला. “मारायला आलो नाही. फक्त सांगा, माझ्या बायकोला कामावर कधी घेणार?”

दार उघडून यजमान बाहेर आले म्हणून ती उभी तरी राहिली. माणूस वेल्डर होता. बोटांवर भाजल्याचे काळे ठिपके होते. त्याने फोन पुढे केला. पडद्यावर ती होती. निळा कोट, खिडकी, शून्यातून उभा केलेला विभाग, सगळं शब्दाला शब्द. नाव आडनावासकट तिचं. फक्त खाली एक फोन नंबर होता, तो तिचा नव्हता. आणि ओळखीच्या लोकांचा आकडा तिच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

“ही मी नाही,” ती म्हणाली.

वेल्डरने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “मग कोण आहे?” त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. “माझी बायको एका दवाखान्यात नर्स होती. तुम्ही फोनवर सांगितलंत, आधी तिथला राजीनामा द्या, त्याशिवाय पत्र निघत नाही. तिने दिला.”

आपला नंबर ठेवून तो गेल्यावर यजमानांनी दाराला कडी लावली. मग खिडकीही लावली, हवा येत होती तरी.

दुसऱ्याच दिवशी तिला वर बोलावणं आलं. मनुष्यबळ अधिकारी बाईंच्या टेबलावर त्याच प्रोफाइलची छापील प्रत होती. या वेळी बाई हसल्या नाहीत.

“तुमच्या नावाने भरती चालू आहे. आमच्या रुग्णालयात.”

“ती मी नाही, मॅडम. माझा फोटो चोरलाय कुणीतरी.”

“फोटो चोरला, समजू शकते. पण ‘भरतीपासून प्रशिक्षणापर्यंत’ हे तर तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवर आहे. ते कुणी लिहिलं?”

तिने मान खाली घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“चौकशी होईपर्यंत घरी थांबा,” अधिकारी बाई म्हणाल्या.

तळघरात येऊन तिने किल्ल्या हाताखालच्या मुलीकडे दिल्या. यंत्र सुरूच होतं. कुणी काही विचारलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त धसका बसला. ती जिन्याने वर जात असताना मागे दबका आवाज आला, “कोण जाणे बाबा, आग असल्याशिवाय धूर निघत नाही.”

घरी भाची रडून रडून थकली होती. “माझ्यामुळे झालं, आत्या. मीच लिहिलं ते सगळं.”

“आता रडून काय उपयोग? बघू तर खरं, ती कोण आहे.”

असं म्हणून तिने यजमानांचा फोन घेतला. खोट्या प्रोफाइलखालचा तो नंबर तिला आता पाठ झाला होता. नको, नको, असं यजमान हाताने खुणावत होते. तिने आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला. तिघं भोवती बसली.

“नमस्कार,” पलीकडून आवाज आला. गोड, शांत, घाई नसलेला. आणि त्या बाईने आपलं नाव सांगितलं. तिचं नाव. आडनाव घेताना ती स्वतः जशी किंचित थांबायची, तशीच तीही थांबली.

“मला… नोकरीचं विचारायचं होतं,” वाफवाल्या बाईंचा स्वतःचा आवाज त्यापुढे चोरट्यासारखा निघाला.

“विचारा ना. घाबरू नका. मीसुद्धा कधीकाळी अशीच घाबरत आले होते. इतकी वर्षं तळघरात काढली, पण नव्या मुलींना संधी द्यायची एवढंच मनाशी धरलं. तुमचं शिक्षण काय?”

ती ऐकत राहिली. ती बाई तिच्याहून चांगली बोलत होती. तिच्या आयुष्याबद्दल तिच्याहून जास्त खात्रीने बोलत होती. ऐकता ऐकता क्षणभर तिला वाटून गेलं, ही खरी असेल तर आपण कोण? टेबलाची कड तिने घट्ट धरली.

“हॅलो? आहात ना?”

“तुमचं… नाव पुन्हा सांगता?” तिने अडखळत विचारलं. मग तोच गोड आवाज, जरासा हसरा होऊन आला.

“ओळखलं बरं का मी. बाई, फोटो फार छान आलाय तुमचा. काढणारीचा हात चांगला आहे. भाची ना? तिचाही चेहरा गोड आहे. कुठल्या ऑफिसात आहे, तेही तिने लिहिलंय. उगाच वाढवू नका. तुम्ही तुमच्या घरी सुखात, आम्ही आमच्या.”

फोन बंद झाला.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. यजमान, ज्यांना गप्प बसवायला एरवी देव खाली यावा लागला असता, ते टेबलावरच्या फोनकडे साप पाहावा तसे पाहत होते. भाचीने आपलं स्वतःचं प्रोफाइल आधी पुसून टाकलं. मग आत्याच्या प्रोफाइलकडे वळली.

“हेही पुसते. सगळं पुसून टाकू. भीक नको पण कुत्रा आवर.”

“थांब,” ती म्हणाली.

तिला काही शौर्य आलं नव्हतं. भाचीला हात लावणारं कुणी आलं तर आपण काय करणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. पण त्या भीतीतच तिला एक गोष्ट स्वच्छ दिसली. “मी पुसली गेले, की तीच उरेल. मग मला शोधत येणारा माणूस तिलाच भेटेल.”

भाचीला त्याच दिवशी तिच्या आईवडिलांकडे पोचवलं आणि ऑफिसात सांगून तिचं काम घरून सुरू केलं. मग ती स्वतः पोलिसांकडे जायला निघाली. एकटीला जायचा धीर होईना, म्हणून वेल्डरला फोन केला. तो बायकोला घेऊन आला. नर्स ठेंगणी, बारीक चणीची होती. तिने वाफवाल्या बाईंकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नकळत एक पाऊल मागे सरकली. फोनवरच्या त्या चेहऱ्यावर तिने इतके दिवस विश्वास टाकला होता, आणि तोच चेहरा आता समोर उभा होता.

“तुमचं काय गेलं?” ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं.

“माझं गेलं नाही काही. माझं आहे ते वापरतायत.”

“त्याला रकाना नाही हो.” त्याने पेन खाली ठेवलं. शेवटी नर्सच्या नावाने तक्रार नोंदवली गेली, आणि हिचं नाव साक्षीदार म्हणून आलं. बाहेर पडल्यावर नर्स पहिल्यांदाच बोलली. “ताई, तो आवाज तुमचा नाही. आता कळलं मला. तुम्ही बोलताना अडखळता.”

भाचीने फोनवरून कसं करायचं ते सांगितलं आणि नर्सने फोन धरला. स्वयंपाकघरात उभं राहून वाफवाल्या बाईंनी आपल्या प्रोफाइलवर व्हिडिओ टाकला. ‘ही मी आहे. मी कुणाला नोकरी देत नाही. नोकरीसाठी कुणाकडे पैसे मागत नाही. भरती केली असं माझ्याबद्दल लिहिलं होतं, ते खरं नव्हतं, ते मी काढलंय. माझ्या नावाने कुणी पैसे मागितले असतील तर देऊ नका.’ बोलताना आवाज कापला, मधे एकदा थांबलाही. पुन्हा करू म्हटलं तर तिच्यात ताकद नव्हती.

तासाभरात दुसऱ्या बाईनेही आपल्या पानावर मजकूर टाकला. ‘सावधान! माझ्या नावाचं एक खोटं प्रोफाइल फिरत आहे. त्यातली बाई माझी बदनामी करते आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नका.’ त्याखाली पटापट लोकांच्या सहानुभूतीची रांग लागली. काहींनी तर खऱ्या बाईच्या पानावर येऊन तिलाच शिव्या घातल्या. एकाने लिहिलं, ‘चेहऱ्यावरूनच कळतं, ही खोटी आहे.’

ते वाचून ती मोरीत गेली आणि दार लावून आरशात पाहत राहिली. काय दिसतं चेहऱ्यावर? काय कळतं? बाहेरून यजमान दार वाजवत होते, “अगं, ऐकतेस का, बाहेर ये,” आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

यजमान बाहेर बोलावत होते ते उगाच नव्हतं. तिच्या पानावर परदेशातल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘ही बाई खरी आहे. मी नवी असताना हत्यारांच्या गाठोड्यात एक चिमटा कमी बांधला म्हणून हिने मला सगळ्यांसमोर झापून रडवलं होतं. दुसरी गोड बोलते म्हणताय ना? मग ती नक्की खोटी.’ त्याखाली दुसरीने लिहिलं, मग तिसरीने. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली एकेक करून आल्या. कुणी तिच्या बोलण्यातल्या अडखळण्याची खूण सांगितली, कुणी तिच्या रागाची. शेवटी टेलिफोन ऑपरेटरने लिहिलं, ‘रोज आवाज ऐकते मी हिचा. हीच ती.’ सगळ्यांनी मिळून साइटकडे तक्रारी केल्या, पोलिसांचंही पत्र गेलं, आणि एका सकाळी ते खोटं पान उघडेना. होतं तिथे कोरी जागा होती.

चौकशी संपली. अधिकारी बाईंनी तिला परत बोलावलं, माफी मागितली नाही, पण चहा मागवला. ती पुन्हा तळघरात गेली. वेल्डरच्या बायकोचे पैसे काही परत आले नाहीत. तिला जुन्या दवाखान्याने पुन्हा घेतलं, पण नव्या माणसासारखं, खालच्या पायरीवर. त्या गोड आवाजाची बाई कोण, कुठली, हे कधीच कळलं नाही. भाचीला कुणी काही केलं नाही. पण ती अजून कुठे गेली की पोचल्याचं कळवते, आणि कळवायला उशीर झाला की वाफवाल्या बाईंच्या हातातलं काम थांबतं. बसमध्ये ती आता सगळ्यात मागच्या सीटवर बसते, पाठीमागे कुणी नको म्हणून.

एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत नर्सने तिला एक दुवा पाठवला. सोबत एवढंच, ‘ताई, हे बघा.’

नवं पान होतं. एका प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोटो, पांढरा कोट, मागे काचेचं कपाट. कुठल्याशा दुसऱ्या शहरातल्या. भरतीपासून प्रशिक्षणापर्यंत. नव्या, होतकरू लोकांना संधी. खाली एक फोन नंबर.

प्रयोगशाळेचा खरा नंबर शोधून तिने फोन लावला. त्या बाई फोनवर आल्या. तिने सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण अडखळली, आणि पलीकडून फोन आपटला गेला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा त्या तडकल्याच, “तुम्हीच कशावरून त्यातल्या नाही? मला नाव विचारताय, माझ्या फोटोबद्दल बोलताय. पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन.”

बरोबरच होतं त्यांचं. तिनेही हेच केलं असतं.

ती थोडा वेळ यंत्राशी बसून राहिली. मग तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी पहिलं वाक्य तिने मनात आधीच जुळवून ठेवलं होतं. “फोन ठेवू नका. एवढंच सांगा, इतक्यात तुम्हाला कुणी पैसे पाठवल्याचा निरोप आला का?”

यंत्राने सुस्कारा सोडला, तो बहुधा त्यांनाही ऐकू गेला असावा.

“काल दोन आले,” बाई अगदी हळू म्हणाल्या. आणि मग, “थांबा हं जरा. दार लावून येते.”